दारातल्या विटा

१२ फेब्रुवारी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा बरा आहे, तुझा मामा दोन्ही वेळा जेवतो. एवढंच लिहून पत्र मिटणार होते, पण राग गिळवत नाही.

परवा ओव्हनमधून बिस्किटं काढायला गेले, तर मामा मागून म्हणाला, "ताई, इतक्यात उघडू नकोस गं. जरा निवू दे." बिस्किटांना कसले तडे जाणार! पण जन्म भट्टीपुढे गेलाय त्याचा. अशा माणसाला तू सगळ्या कामगारांसमोर 'घाईनं भट्टी उघडली, चिनीमातीची सगळी बेसिनं तडकवली' म्हणून घरी पाठवलंस. सख्ख्या मामाला!

त्याला विचारलं तर म्हणतो, "झालं माझ्या हातून. वय झालं, ताई." आता दुसऱ्या कारखान्यात त्याला कुणी दारात उभं करत नाही. भट्टीवाला उतावळा आहे, असं एकदा पसरलं की संपलंच ना सगळं.

त्याचा डबा आणि चष्मा न्यायला मी कारखान्यात आले होते, तेव्हा तू फोनवर होतास. मी भट्टीपाशी गेले. भट्टीच्या दारात रचलेल्या विटा खाली पडलेल्या, निम्म्या फुटलेल्या, शेजारी पहार. बाळा, भट्टी कशी उघडतात हे तू लहानपणापासून बघितलंयस. आधी वरची एक वीट काढायची आणि थांबायचं. मग एकेक उतरवून भिंतीशी रचायची, पुढच्या खेपेला त्याच लावायला. मामानं आयुष्यात एक वीट फोडलेली नाही. तुझे बाबा त्याला चिडवायचे, "अरे, विटा काढतोयस की झोपलेली पोरं उचलतोयस?"

माल न्यायला ट्रक येऊन उभा होता म्हणे. मामा जेवायला गेला होता. पहार कुणी उचलली, ते मला लिहायला लावू नकोस.

बेसिनं काय, पुन्हा होतील. चूकही कुणाच्या हातून होते. पण आपलं पाप तू त्याच्या गळ्यात बांधलंस, आणि त्यानं ते मुकाट्यानं बांधून घेतलं, का तर तू त्याच्या बहिणीचा मुलगा! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही माझ्या पोराच्या हातून. लाज वाटते मला.

हे पत्र मिळताच सगळ्यांना भट्टीपाशी गोळा कर आणि सांग, "दार मी फोडलं." मग मामाला घ्यायला इकडे ये. त्याला या पत्रातलं काही ठाऊक नाही. आत माझ्या ओव्हनची काच पुसत बसलाय.

तू बोलला नाहीस, तर मी येऊन बोलेन, तुझं नाव घेऊन.

तुझी आई,
पण त्याआधी त्याची ताई