सोबतीला धोंडीराम

पाली, सोमवार

ती. उमाक्कास, धाकट्या गुंडप्पाचे शरणार्थ.

तुझे गुडघे बरे असतील अशी आशा. इकडे मी ठीक. फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही (परवा मी बोलत असतानाच तू फोन ठेवून दिलास), म्हणून हे पत्र. सुनेकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लावून तूच वाच.

बीडला शुगरवाल्यांचे डोळे फुकट तपासतात असं कळलं. माझे डोळे उत्तम. दुकानात बसून रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचतो. तरी गेलो, कारण दुकान बंद करून घरी जाऊन करायचं काय? तुझी भावजय गेल्यापासून मी भिंतींशी बोलतो आणि आता त्याही कंटाळल्यात. निरोप होता की सोबत माणूस आणा, औषध टाकल्यावर काही वेळ नीट दिसत नाही. वीरेश पडला पुण्यात, पोराला एवढ्यासाठी कुठं रजा काढायला लावायची? शेजारच्या धोंडीरामला म्हटलं, चल. तो लगेच तयार झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्यालाही शुगर, त्यालाही तोच निरोप, आणि सोबत म्हणून त्यानं मला धरलेलं. नर्सबाईनं विचारल्यावर मी त्याच्याकडे बोट केलं, त्यानं माझ्याकडे. दोघांच्याही डोळ्यांत औषध पडलं.

बाहेर ऊन नुसतं पांढरंफेक. धोंडीरामनं एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला वाकून रामराम घातला आणि उत्तर येईना म्हणून रागावला. "इलेक्शन झालं की वळखतबी न्हाईत बे," म्हणाला. एकमेकांचा हात धरून (लहानपणी बाजारात तू माझा धरायचीस तसा) पालीची समजून एका जीपमध्ये बसलो आणि उतरलो ते थेट नारायणगडावर, देवळापाशी. तिथं प्रसादाचा शिरा होता. द्रोण धड दिसत नसल्यानं किती खाल्ला ते सांगता येत नाही.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आतला फोटो काढला होता. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. म्हणाल्या, "बाबा, आत्ता दिसतंय म्हणून थांबू नका. लेझर केलं तर आहे ती नजर टिकेल. गेलेली परत आणता येत नाही." लेझरला येताना ज्याला दिसतं असा माणूस आणा, हेही बजावलं. नर्सबाईनं विचारलं, "घरात कोन कोन हाय?" अक्का, फार एकटं वाटतं गं.

बाकी सगळं छान. काळजी करू नकोस.

तुझा,
गुंडप्पा

ता. क. वीरेशला यातलं काही कळवू नकोस. तो येऊ शकणार नाही, आणि ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

आणखी एक ता. क. लेझर पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी. धोंडीराम येतो म्हणतोय, पण त्यालाही त्याच दिवशी बोलावलंय.

शेवटचा ता. क. मोतीबिंदू काढल्यापासून तुला लख्ख दिसतं. आदल्या दिवशी आष्टीहून गाडी धर, मी बीडच्या स्टँडवर उभा राहतो. ऐकू आलं नाही तरी चालेल, नुसता हात धर.