कोल्हापूरवरून पुणे

बाई, पुण्याची थेट लाइन त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गेली आणि पाचच मिनिटांत इस्पितळातून डॉक्टरांचा फोन आला. सात वर्षांची मुलगी, घटसर्प, गळा सुजून श्वास अडकायला लागलेला. लागणारं इंजेक्शन सोलापुरात कुठंच मिळत नव्हतं. पुण्याच्या एका औषधभांडारात होतं, आणि एकच्या गाडीत चढलं तर संध्याकाळपर्यंत इथं येणार होतं. सत्तरच्या दशकातलं आपलं टेलिफोन एक्स्चेंज ते. परगावचा प्रत्येक कॉल हातानं जोडायचा. मला ट्रंक बोर्डावर बसून जेमतेम तीन महिने झाले होते, नोकरी अजून पक्की नव्हती. मी डॉक्टरांना म्हटलं, "लाइन बंद आहे, सुरू झाली की जोडते." माझ्या सुपरवायझर तुम्ही, मागंच उभ्या होतात.

"पुण्याला जायला एकच रस्ता हाय का गं?" तुम्ही विचारलंत. "कोल्हापूर माग. कोल्हापूरला म्हणावं, पुणं दे. पुढचं ते बघतील की. आपल्याला सगळा रस्ता ठावा असायला लागत न्हाय, पुढचं गाव ठावं असलं की झालं."

कोल्हापूरच्या लाइनीवर चादरींचे एक व्यापारी बोलत होते. तुम्ही त्यांची माफी मागून लाइन मोकळी करून घेतलीत. मी कोल्हापूर जोडलं, कोल्हापूरनं पुणं जोडलं, पुण्यानं औषधभांडार. इतक्या वळणांनी गेलेला आवाज पार बारीक झाला होता. डॉक्टरांचं बोलणं तिकडं पोचेना, म्हणून ते मला सांगत होते आणि मी तुकड्या-तुकड्यानं ओरडून पुढं देत होते. औषधाचं नाव. किती बाटल्या. कुठं पाठवायच्या. पलीकडचा माणूस दर वेळी "हो, हो" म्हणत होता. शेवटी "कळलं" म्हणाला. मी लाइन जोडणारी कॉर्ड बोर्डातून काढली आणि पदरानं मान पुसली.

"त्यानं परत काय म्हणून दाखवलं?" तुम्ही विचारलंत.

"हो म्हणाले ते."

"हो म्हंजे उत्तर न्हाय, पोरी. त्यानं काय लिवलं, ते तुला कुटं ठावं हाय? लाव परत."

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. परत कोल्हापूर, परत पुणं. त्यात वीस मिनिटं गेली. घाईत कॉर्डचं टोक भोकात बसेना. तुम्ही माझं मनगट धरून ते बसवलंत. तो माणूस लाइनीवर आला. मी म्हटलं, "लिहून घेतलेलं वाचून दाखवा." त्यानं वाचलं. औषध बरोबर, बाटल्या बरोबर. "मुक्काम कोल्हापूर."

जोडून देताना पुण्याच्या एक्स्चेंजमधल्या मुलीनं "कोल्हापूरवरून कॉल आहे" असं म्हटलं होतं. त्या खरखरीत त्याला तेवढंच नीट ऐकू आलं असणार. निरोप कुणी पाठवला आणि शेवटी कुणाच्या हातून आला, या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

"सोलापूर!" मी किंचाळले. "सो-ला-पूर!"

"अहो, औषधाचा डबा घेऊन माणूस कोल्हापूरच्या एसटीला निघाला की," तो म्हणाला. रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, मग पळत जाणारी पावलं, मग काहीच नाही. आपण दोघी ती रिकामी लाइन ऐकत उभ्या होतो. तुमची नखं माझ्या खांद्यात रुतली होती. डॉक्टर दुसऱ्या कानात विचारत होते, "काय झालं? काय झालं?"

मग धापा टाकत तो परत आला. "सापडला. फाटकातच होता. माणूस टांग्यानं स्टेशनला धाडलाय."

"कुठल्या गाडीला? म्हणून दाखवा."

"सोलापूरच्या. एकच्या."

इंजेक्शन संध्याकाळी आलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कळवलं, पोरगी दूध गिळायला लागली.

तुम्ही मला एक शब्दही रागानं बोलला नाहीत. रविवारी घरी बोलावलंत. पुढच्या खोलीत तुमच्या यजमानांचा यंत्रमाग खडखडतोय, मी त्याच्या अलीकडं बसलेय, आणि तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आकडे आणि गावांची नावं पुटपुटताय. त्या खडखडाटातून ऐकून मी ती जशीच्या तशी परत म्हणायची. चुकले की तुम्ही तुमच्या घरच्या तेलुगूत काहीतरी म्हणायचात. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. असे आठ रविवार.

पुढं कॉर्डा गेल्या, यंत्रं आली, मग संगणक आले. निवृत्तीनंतर आता मी नव्या मुलींना संगणक एकमेकांशी कसे बोलतात ते शिकवते. निरोपाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला आणि कुठं जायचा ते लिहायचं, वाटेतल्यानं फक्त पुढचा टप्पा बघायचा, आणि पोचल्याचं उत्तर येईपर्यंत पोचलं असं धरायचं नाही. उत्तर आलं नाही तर परत पाठवायचं. मुलींना हे पाठ होतं, पण समजत नाही. मग मी त्यांना घटसर्पाच्या पोरीची गोष्ट सांगते, आणि मग त्या पाठ केलेलं सोडून प्रश्न विचारायला लागतात.

डॉक्टर आभार मानायला आले होते, आठवतं? "चूक कुणाच्या लक्षात आली?" त्यांनी साहेबांसमोर विचारलं. वाचून न घेताच कॉर्ड काढल्याची माझी चूक कळली असती तर मला घरी पाठवलं असतं. तुम्ही माझ्याकडं बोट करून म्हणालात, "हिच्या." डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आणि माझी नोकरी पक्की झाली. बाहेर आल्यावर मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही पुढचा कॉल घ्यायला बसल्या होतात.

तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली. हा कागद माझ्या टाचणांच्या वहीत राहील. काल वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, परत विचारावं असं तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, "सवय असते." बाई, मी सांगते त्या गोष्टीत तुम्ही नसताच. पहिल्यापासून नव्हतात.