फौजेमागची माणसं

७ जानेवारी, मंगळवार

एक माणूस कमी! डबा तीनदा उलटा केला. भालेवाले बरोबर, बंदूकवाले बरोबर, नगारेवाला आहे. तलवारवाल्यांत एक नाही. अजून रंग न लावलेला, कोरा. अंगठ्याच्या पेराएवढा धातूचा माणूस. पाय फुटून चालत तर गेला नाही ना!

हर्षदाला विचारलं. म्हणाली, "उंदराने नेला असेल, ताई."

उंदीर कथील खातो?

माझ्या या धाकट्या जाऊबाईला खोटं बोलता येत नाही. बोलताना कानाची पाळी ओढते. आज ओढली.

८ जानेवारी

पलंगाखाली, शिवणयंत्राच्या खणात, तांदळाच्या डब्यात. नाही.

११ जानेवारी, शनिवार

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

हे काम मी आणलं. आम्ही दोघी जावा साड्यांवर टिकी चिकटवायचो, अजूनही चिकटवतो. कोणीतरी सांगितलं, इथेच नदीपलीकडे अडाजणला एक मराठी साहेब आहेत, त्यांना हात न थरथरणाऱ्या बायका हव्यात. मीच गेले, मीच बोलणं केलं. अमितसर. आधी बँकेत होते, आता ही छोटी फौज बनवतात. मराठे आणि मोगल, जुन्या काळातले. उधन्यात ड्रेसची बटणं ओतणारा एक कारखाना आहे, तिथे रबराच्या साच्यात माणसं ओततात. कोरी माणसं आमच्याकडे येतात. आम्ही पगडी, अंगरखा, मिशी रंगवतो. डोळे शेवटी. डोळ्याला श्वास रोखावा लागतो.

ही माणसं कुठे जातात? तर मोठमोठे बाप्ये टेबलावर डोंगर-नदी मांडतात, फासे टाकतात, पट्टीने मोजून फौज पुढे सरकवतात. लढाई लढतात. पुण्यात आहेत, परदेशात आहेत. सर असं सांगतात. आता मला सांगा, पोराबाळांचे बाप असले खेळ खेळतात? आणि अट काय, तर फोटो काढायचा नाही, कोणाला दाखवायचं नाही. सरळ काम असेल तर लपवायचं कशाला?

सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "पोटले भाकर भेटस ना? मंग रंगव."

आणखी एक. हर्षदाच्या नखांत हिरवं होतं. "मेथी निवडली," म्हणाली. आठवडाभर घरात मेथी आलेली नाही!

१४ जानेवारी, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत

गच्चीवर सगळी गल्ली. भोंगे, पतंग, उंधियू. हर्षदा पाण्याच्या टाकीमागे फोनवर होती. मी वाळत घातलेली चादर काढायला गेले, तेव्हा ऐकू आलं —

"सर, नाक जास्त झालं का?... हो, उद्या दुपारी. ताई टिकीचा माल द्यायला जातात तेव्हा."

चादर हातातच राहिली. सरांच्या बायको, अनुजाबाई, शाळेत शिकवतात. दुपारी घरी नसतात.

नाक! नाकाचं काय?

१९ जानेवारी, रविवार

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, भडकतील. धाकट्या भावाच्या संसाराचा प्रश्न आहे! हे म्हणाले, "उज्ज्वला, तू सीआयडीत का नाही गेलीस?" आणि जेवणाचा डबा उचलून कापडाच्या खात्यात गेले. म्हणे आज रविवार असला तरी माग चालू आहेत. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ह्यांनाही काहीतरी माहीत आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

नवीन माणसं आली.

या वेळी फौज नाही. बाया आहेत! म्हातारी चूल फुंकतेय. एक बैलाला टेकून तंबाखू मळतोय. एकाच्या डोक्यावर गाठोडं. पखाल घेतलेला, पोर पाठीला बांधलेली. सरांच्या चिठ्ठीत लिहिलंय — बुणगे. फौजेमागून चालणारी, लढाई न लढणारी माणसं. रंग मळके ठेवा.

म्हातारी हातात घेतली. एक गुडघा वर, एक पाय पसरलेला, डाव्या हाताने कंबर धरलेली, उजव्या हातात फुंकणी. मी ब्रश खाली ठेवला. स्वयंपाकघरात बघितलं. सासूबाई तशाच बसल्या होत्या. गुडघा तोच, कंबरेवरचा हात तोच.

मग तंबाखूवाला. एका पायावर भार, मान खाली. हे तर आमचे धाकटे दीर, वाल्मिकभाऊ! आणि गाठोडंवाला — चालताना मागे वळून बघतोय. आमचे हे घराबाहेर पडले की अस्संच बघतात. कडी लागली का म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याशिवाय हे कोणाला माहीत असणार?

सर आमच्या घरी एकदाही आलेले नाहीत.

मग आमचे गुडघे, आमच्या माना त्यांच्याकडे कोणी नेल्या?

२४ जानेवारी

उन्हात नेऊन सगळे परत बघितले. एकेक चेहरा.

मी कुठेच नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आता उघड आहे. हर्षदा फोटो काढते, तो साहेब बनवतो. फोटो काढायचा नाही ही अट फक्त मला! शेजारच्या रुक्मिणीने परवा हर्षदाला अडाजणच्या बाजूला बघितलं. केस नीट विंचरलेले, हातात पिशवी. मला सांगितलं होतं, दवाखान्यात जाते.

काम मी आणलं, घर मी सांभाळलं, आणि ही माझ्या नाकाखालून... नाक! आता समजलं, कोणाच्या नाकाचं चाललं होतं ते. घराचं नाक कापायचं चाललंय.

रविवारी बोलणार. सगळ्यांसमोर.

२ फेब्रुवारी, रविवार

बोलले.

जेवायला सगळे बसले होते. मी वाढणं थांबवलं आणि म्हटलं, "वाल्मिकभाऊ, तुमची बायको दुपारी कुठे जाते, ते विचारा एकदा."

सासूबाईंचा घास हातातच. वाल्मिकभाऊ पाणी प्यायले. पेला खाली ठेवला.

"अमितसरांकडे जाते, भाभी. मीच सोडतो तिला."

"तुम्ही?"

"गाडीवर. सुट्टी मिळाली तर आणायलाही जातो. अनुजाबाई घरी असतात. त्यांची शाळा सकाळची झालीय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भाकरीकडे बघत होते. "आई?" म्हटलं.

"माले माहीत शे," सासूबाई म्हणाल्या. "पहिलेपाईन माहीत शे. तिनी माले दोन दिस चुलीजवळ बसाडी ठेवं. कंबर धरी गयी मनी."

मग हर्षदा उठली. ट्रंक उघडून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. आत तारेवर हिरवी माणसं. अर्धवट. कोणाला हात नाही, कोणाला डोकं नाही. आणि मधे माझा हरवलेला तलवारवाला — चेहरा घासून काढलेला, त्याच्यावर नवा चेहरा बसवलेला.

"याच्यावर शिकले," ती म्हणाली.

हिरवी पुटी. दोन भाग मळून एक करायचे, सुईने कोरायचं, दगडासारखी होते. त्याच्यावरून साचा, साच्यातून धातू. दिवाळीत एका भालेवाल्याचा हात मोडला होता. माझा ओरडा खायला नको म्हणून हिने नळ दुरुस्तीच्या पुटीने नवा हात केला आणि रंगवून टाकला. मला कळलं नाही. सरांना कळलं. त्यांनी विचारलं, हा हात कोणी केला? तिथून सुरू. ती म्हातारी, तो तंबाखूवाला, सगळी बुणगे माणसं हिने केलीत. आमच्या हर्षदाने!

मी म्हटलं, "मग लपवलं कशाला? मी काय खाल्लं असतं तुला?"

तिने कानाची पाळी ओढली नाही.

"तुम्हालाच घाबरत होते, ताई. काम तुम्ही आणलं. तुमच्या डोक्यावरून सरांकडे गेले असं झालं असतं. आणि तुम्ही बघायला लागलात की माझा हात थांबतो."

"म्हणून मला सोडून सगळ्यांना केलंस?"

"माणूस करायचा तर खूप वेळ टक लावून बघावं लागतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे तसं बघवत नाही."

भाकरी गार झाल्या. कोणी मागितली नाही.

३ फेब्रुवारी

घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तरी मनात किडा वळवळतच होता. ठीक आहे, हर्षदा स्वच्छ. पण तो साहेब? हिच्या हातची माणसं हा जगभर विकणार आणि नाव कोणाचं? बस पकडून अडाजणला गेले. भांडायच्या तयारीनेच.

दार अनुजाबाईंनी उघडलं. सर आतून भिंग कपाळावर चढवूनच आले. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. "डब्यावर नाव कोणाचं?"

सरांनी डब्याचं झाकण आणलं. वर बुणग्यांचं चित्र, खाली एक कोरी पट्टी.

"जागा सोडलीय," म्हणाले. "हर्षदा म्हणते, नाव नको. मी म्हटलं, नावाशिवाय छापणार नाही. अडून बसलंय सगळं. खेळणारे डबा कधी येतो, विचारून विचारून थकले."

"आणि फोटो काढायचा नाही, हे?"

"अहो, एक फोटो बाहेर गेला की नक्कल करणारे तयारच असतात. एक माणूस विकत घेतात, त्याच्यावरूनच साचा काढतात. मागच्या खेपेला माझ्या नगारेवाल्याचं तसंच झालं." त्यांचा आवाज उतरला. "मी सगळ्यांवरच संशय घेतो, उज्ज्वलाबाई. बटणवाल्यावर घेतला, कुरियरवाल्यावर घेतला. खरं सांगू? तुमच्यावरसुद्धा घेतला होता."

माझ्यावर! मी बसले. पाणी घेतलं.

त्यांनी खेळाचं टेबल दाखवलं. हिरवं कापड, थर्माकोलचे डोंगर, पुढे फौज. मागे मोकळं. "सगळे फौज बनवतात," म्हणाले. "पण ही माणसं मागे उभी केली की टेबल जिवंत होतं. धान्याची गाडी शत्रूने गाठली तर फौज थांबते. मग खेळणारा या म्हातारीला वाचवायला घोडेस्वार धाडतो."

आमच्या सासूबाईंना वाचवायला घोडेस्वार! हसू आलं, दाबलं.

उठताना म्हटलं, "टाका नाव. हर्षदा वाल्मिक बडगुजर. मी सांगते म्हणून टाका."

अनुजाबाई पटकन म्हणाल्या, "तिला विचारून?"

"मी मोठी आहे घरात," म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटलं होतं, खूश होईल. चहा घेऊन गेले, सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "तुम्ही सरांना सांगून आलात? मला न विचारता?"

"तुझ्या भल्यासाठीच ना!"

"आधी माझ्यावर पाळत ठेवलीत. आता माझं नावही तुम्हीच ठरवणार?"

चहा तिथेच राहिला. तिने बिस्किटांचा डबा उचलला आणि वाल्मिकभाऊंना म्हणाली, "उद्यापासून सकाळीच सोडा मला तिकडे." 

मी चांगलं करायला गेले तरी ते पाळत ठेवल्यासारखंच दिसतं. का?

१० फेब्रुवारी

आज एकटीने रंगवलं. म्हातारीच्या लुगड्याला सासूबाईंचा किरमिजी रंग दिला. सर म्हणाले होते मळके ठेवा. ठेवला थोडा मळका.

१६ फेब्रुवारी, रविवार

डबे छापून आले. वाल्मिकभाऊंनी दाखवायला एक आणला. नाव आहे. तिने स्वतः सांगितलं म्हणे, तेही तीन दिवस विचार करून. फक्त "हर्षदा". नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. माझ्या सांगण्यातलं एवढंच ठेवलं.

ह्यांनी डबा हातात घेऊन स्वतःला शोधलं. "मी असा मागे बघतो?" सगळे एकदम म्हणाले, "हो!" हर्षदासुद्धा हसली. मी आत होते, भांडी लावत. बाहेर आले तेव्हा हसणं थांबलं होतं.

२१ फेब्रुवारी

"ताई, मीठ द्या." एवढंच. दिलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रुक्मिणी सांगत आली, हर्षदा सकाळी कोणा परपुरुषाच्या गाडीवर बसून गेली म्हणे. म्हटलं, "अगं, तो तिचा नवरा, हेल्मेट घातलेला!" दार लावून घेतलं. लावल्यावर वाटलं, एका महिन्यापूर्वी हिलाच मी चहा पाजून बातम्या विचारत होते.

९ मार्च, रविवार

दुपारी हर्षदा माझ्या खोलीत आली. हातात तार, तारेवर ओला हिरवा माणूस. छावणीचा पहारेकरी आहे म्हणाली.

"सर म्हणतात मस्त. हे म्हणतात मस्त. आई तर काहीही दाखवलं तरी मस्तच म्हणतात. ताई, तुम्हाला खोटं लगेच दिसतं. तुम्ही बघा."

खिडकीजवळ नेला. बराच वेळ बघितला. ती बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती, नजर न काढता.

"हा जागा नाही," मी म्हटलं. "जागा असल्यासारखं करतोय. खरंच पाळत ठेवणारा माणूस डोळे एवढे मोठे करत नाही, बारीक करतो."

तिने अंगठ्याने सगळा चेहरा पुसून टाकला. आणि माझ्या पुढ्यातच, माझ्या देखत, परत करायला बसली.