माझा पहिला नवरा, मुक्काम कुंडी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घालायला दवाखान्यात जमीन मोकळी नाही. टेबलाखाली एक म्हातारी कुत्री सलाईन लावून झोपली आहे आणि दारात दोन मांजरं एकमेकींना खुन्नस देत बसली आहेत, तेव्हा कागदावरचाच मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने कमी चढ म्हणून सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसशीलच. आतोबांनी कानाचं मशीन लावायला सुरुवात केली का, की अजून त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. बाबांचं वजन वाढलंय आणि ते त्याचा दोष वजनकाट्याला देतात.

तुझा रागावलेला निरोप पोचला. ‘लग्न ठरलंय ठरलंय म्हणतेस, ते होणार आहे की नुसतं ठरतच राहणार आहे?’ असं तू विचारलंस. आत्या, प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की माझं एक लग्न होऊन गेलं. तुला बोलावलं नाही म्हणून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. बाबांनाही बोलावलं नव्हतं, ते आपले औषधाच्या गोळ्या द्यायला आले आणि कन्यादानाच्या वेळी सापडले.

पहिल्यापासून सांगते. मुलगा तुला माहीत आहेच, एक्स-रे काढतो तो. (मी त्याला एक्स-रेच म्हणते.) आमचं जमलं तेच मुळी एका कुत्र्याने दरवाजाची मूठ गिळली म्हणून. माझ्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन बंद पडलं होतं. मी त्या कुत्र्याला चादरीत गुंडाळून माणसांच्या हॉस्पिटलात मागच्या दाराने घेऊन गेले, आणि हा गृहस्थ एक शब्द न विचारता म्हणाला, “श्वास रोखून धरायला सांगा त्याला.” असा माणूस हातचा सोडणं मूर्खपणा झाला असता. (मूठ निघाली. कुत्रा मजेत आहे. दरवाजाचं काय केलं ते ठाऊक नाही.)

अडचण एकच, त्याची आई. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. सूर्यापासून प्रत्येक ग्रह किती लांब आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण इतक्या लांबचा मंगळ आपलं काम सोडून माझ्या लग्नात का लुडबुड करतो, हे विचारलं की त्या तो विषय अभ्यासक्रमाबाहेरचा असल्यासारखा चेहरा करतात. मी मनातल्या मनात त्यांना भूगोलबाई म्हणते. (समोर काकू.) मला बघायला त्या थेट दवाखान्यात आल्या. आल्या आल्या एक मांजर आडवं गेलं, म्हणून बाहेर जाऊन पुन्हा आल्या. तेवढ्यात दुसरं गेलं. आत्या, हा जनावरांचा दवाखाना आहे, इथे मांजरं सरळ जातच नाहीत! शेवटी मी त्यांना औषधांच्या खोलीच्या दाराने आत घेतलं. तिथे भिंतीवर पाल चुकचुकली. मग भिंतीला डोळे लावून त्या म्हणाल्या, “पत्रिका आणलीयस?”

पत्रिका एका ज्योतिषांकडे गेली. हे महाराज मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर माळ्यासारख्या खोलीत बसतात आणि कॉम्प्युटरवर जन्मवेळ घालून छापील कागद काढून देतात. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एखाद्या पेशंटच्या मालकाला मी जशी वाईट बातमी देते तसा आवाज काढून म्हणाले, “कडक मंगळ.” म्हणजे माझ्याशी लग्न करणारा पहिला पुरुष फार दिवस टिकायचा नाही. त्यावर उपाय असा, की आधी एका झाडाशी लग्न लावायचं. माझा सगळा कडकपणा त्या बिचाऱ्यावर निघतो, ते मान टाकतं, आणि पुढच्यासाठी रस्ता साफ. मी एक्स-रेकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. बाहेर आल्यावर मी फणफणले तेव्हा तो म्हणाला, “हे बघ, तू नाही म्हणालीस तर मी आईशी भांडेन आणि आपण लग्न करू. पण मग मला नुसती सर्दी झाली तरी ती रात्रभर माझ्या नाकाशी हात धरून बसेल. झाडाशी कर ना. मला चालेल.” इतका उदार नवरा लाखात एखादीला मिळतो.

नवरदेवाची निवड भूगोलबाईंनीच केली. माझ्या बाहेरच्या खोलीत, बाकाशेजारी, रबराचं एक झाड कुंडीत उभं असतं. उभं म्हणजे भिंतीला टेकलेलं. येणारा प्रत्येक कुत्रा तंगडी वर करून त्याला मान देतो. बाईंनी चष्मा वर करून त्याची पानं तपासली, खोडाला नख लावून बघितलं आणि समाधानाने म्हणाल्या, “हेच बरं. आधीच अर्धं गेलंय.” (आत्या, याला शुद्ध मराठीत कट म्हणतात.)

दुपारी दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढून लग्न लागलं. माझ्याकडे ड्रेसिंग करणाऱ्या ताई करवली झाल्या. एक गृहस्थ कासव घेऊन आले होते, त्यांना बाहेर जा म्हणणं बरं दिसेना, म्हणून ते वरपक्षाकडून बसले. गळ्यात प्लॅस्टिकचा कॉलर घातलेला एक कुत्रा मंगलाष्टकांना साथ देत होता, आणि ऐन अक्षता टाकायच्या वेळी तो शिंकला. सगळे थांबले. कुत्र्याची शिंक धरायची की नाही यावर महाराज आणि भूगोलबाई यांच्यात बराच वेळ खल झाला, आणि शास्त्रात फक्त माणसाचा उल्लेख आहे असं महाराजांनी जाहीर केल्यावर (तोवर त्यांना दुसरीकडे जायची घाई झाली होती) मी हार घातला. त्या हाराच्या ओझ्याने नवऱ्याचा एक हात मोडला. बाई पुटपुटल्या, “चला, सुरुवात झाली.”

यानंतर काय व्हावं? तर झाडाने पालवी धरली! लग्नाने माणसं सुधारतात हे ऐकून होते, पण हे झाड चक्क ताठ उभं राहिलं. लाल टोकाची एक गुंडाळी वर आली आणि तिचं चकचकीत पान झालं, मग दुसरं झालं. भूगोलबाई रोज सकाळी बघायला यायच्या आणि परीक्षेत नापास झाल्यासारख्या परत जायच्या. पहिला जिवंत असताना दुसरं कसं लावणार, म्हणून आमची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. (तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.) एक्स-रे फोन केला की आधी विचारायचा, “ते घरी आहेत का?” बाबा तर कुंडीशेजारीच पेपर वाचत बसायला लागले. म्हणाले, “पहिले जावई शांत आहेत, काही मागत नाहीत.” महाराजांनी सुचवलं की पाणी बंद करा आणि कुंडी अंधाऱ्या खोलीत ठेवा. त्यावर मात्र मी भडकले. मी दिवसभर मरायला टेकलेल्यांना उभं करते, माझ्याच दवाखान्यात मुद्दाम कुणाला तहानेने मारणार नाही, मग ते झाड का असेना. बाईंना तसं तोंडावर सांगितलं आणि वर म्हणाले, “मग राहू दे लग्न.” त्या छत्री उचलून गेल्या. एक्स-रेचा त्या दिवशी फोन आला नाही. मी इकडे फुशारकीने लिहितेय, पण संध्याकाळपर्यंत मी दहादा फोन हातात घेतला, ते ताईंनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी एका घोड्याला बघायला गावाबाहेर गेले होते. परत आले तर भूगोलबाई एकट्याच बाहेरच्या खोलीत बसलेल्या. ओल्या रुमालाने त्या झाडाची पानं पुसत होत्या, एकेक पान हाताच्या तळव्यावर घेऊन. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

“धूळ बसली होती,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “काकू, तुम्हाला ते मरायला हवं होतं ना?”

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. म्हणाल्या, “माझी पत्रिका कुणी बघितली नव्हती. लग्न झालं, वर्षाच्या आत हे गेले. साधा ताप होता, डॉक्टरला उशिरा बोलावलं. हा पोटात होता. मग घरच्यांनी पत्रिका काढली. कडक मंगळ निघाला. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, खाल्लंस माझ्या मुलाला. तेव्हापासून मी कुणाच्या लग्नात पुढे बसले नाही. कुणी बस म्हटलंही नाही.”

मी आपली त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

“तू दिवसभर याच्या आसपास असतेस,” झाडाकडे बघत त्या म्हणाल्या. “तुझा मंगळ माझ्यासारखाच आहे, मी ताडून बघितलाय. आणि याला काहीसुद्धा झालं नाही. उलट वाढलं. मग तेव्हा... म्हणजे तो नुसता तापच असेल, नाही का गं?”

मी म्हटलं, “तापच होता, काकू.”

त्यांनी रुमालाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि वर्गात गृहपाठ सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “तारीख मी ठरवते. त्या महाराजांना विचारायचं नाही. आणि मी पुढे बसणार आहे.”

तर आत्या, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी माझं दुसरं लग्न आहे. पहिले यजमान हजर राहतील, त्यांची हरकत नाही. महाराजांच्या मते तो दिवस वाईट आहे, म्हणून हॉल लगेच मिळाला. आतोबांना मशीन लावूनच आण.

तुझी लाडकी भाची
(दोन नवऱ्यांची धनीण)

ता. क. – बाई पूर्ण सुधारल्या असं समजू नकोस. काल मी उभ्या उभ्या पातेल्यातच जेवत होते, तर त्यांनी पातेलं हिसकावून घेतलं. “मंगळाचं जाऊ दे, पण पातेल्यात जेवलं की लग्नात पाऊस पडतो, हे मात्र खरं आहे,” म्हणाल्या.

ता. क. २ – हा भाग बाबांना वाचून दाखवू नकोस. ज्यासाठी एवढं लांबलचक पत्र लिहायला घेतलं ते आता सांगते. नर्सरीवाला काल त्याचा पोपट घेऊन आला होता. जाता जाता म्हणाला, “तुमच्या सासूबाईंनी रबराचं दुसरं झाडही नेलं, तुमच्याकडे मरतात कशाने?” म्हणजे तारीख ठरवून त्या गेल्या आणि नंतर कधीतरी माझ्या पहिल्या नवऱ्याने खरंच मान टाकली. दवाखाना बंद असताना बाईंनी ताईंकडून किल्ली घेऊन, गुपचूप, त्याच कुंडीत दुसरं झाड लावलं. मग ते गेलं म्हणून तिसरं. (खोदून विचारल्यावर ताईंनी कबूल केलं.) आणि मी, जनावरांची डॉक्टर, रोज त्याच्यासमोरून जाते आणि मला पत्ता नाही! कुंडीतली माती हुंगून बघितली. यात मंगळाचा काही हात नाही, माझी मांजरं त्यात उरकतात. आता वर जाळी बसवली आहे. पण हे बाईंना सांगणार नाही. ऐकून घेतील, मान डोलावतील, आणि मनात कुठेतरी ‘कदाचित’ उरेल. ते मला उरू द्यायचं नाही, म्हणून झाड जगलेलं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं.

तिसऱ्याचीही खालची पानं पिवळी पडली आहेत आणि नर्सरीतला साठा संपलाय. तुझ्या मागच्या गॅलरीत रबराची झाडं आहेत. त्यातलं एक येताना घेऊन ये. ‘आमच्याकडे जागा नाही, तुम्हाला आवड आहे म्हणून ऐकलं,’ असं म्हणून ते बाईंच्या हातात दे, माझ्या नको. मला काही माहीत नाही. उंची साधारण माझ्या कमरेएवढी बघ. नवरा एका रात्रीत वाढलेला दिसला तर लोक बोलतील.