माझ्या आवाजातली बाई

वेरिंगा, व्हिक्टोरिया
ता. ११ ऑक्टोबर

चि. क्लॅरी यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं पुराण वाचलं. त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघे दुखले नाहीत तर माणसानं डॉक्टरला दाखवावं, दुखले तर गप्प बसावं. आईनं आपल्याला पंधरवड्याला पत्र लिहायची शिस्त लावली म्हणून बरं, नाहीतर तुझी खुशाली मला ख्रिसमसच्या कार्डावरच्या सहीवरून ओळखावी लागली असती.

फोनचं तर नावच काढायला नको. दर रविवारी चर्चमधून घरी आले की तुला फोन लावते आणि तू हिरवळीवर बोल्सचे गोळे लोटायला गेलेला. मग मी बसते तुझ्या निरोपाच्या यंत्राशी गप्पा मारत. आता तेही अंगवळणी पडलंय. यंत्र निदान मधे तोंड घालत नाही.

लॉक्लननं मागच्या ख्रिसमसला बसवून दिलेला टीव्ही उत्तम चाललाय. पोरगा गुणाचा आहे हो तुझा. मेलबर्नला एवढ्या मोठ्या जाहिराती करतो, पण म्हाताऱ्या आत्याला रिमोट शिकवताना एकदाही वैतागला नाही. तो टीव्ही मात्र रोज संध्याकाळी मला विचारतो, अजून बघताय का म्हणून. अर्नीही उभ्या संसारात हेच विचारायचा. फक्त तो उत्तराची वाट न बघता चॅनल बदलायचा.

सध्या बघण्यासारखं काही नाही. निवडणूक आली ना. जो उठतो तो आमच्या गावच्या दवाखान्यावर बोलतो. एक म्हणतो वाढवू, दुसरा म्हणतो असला दवाखाना असून नसून सारखा, बंद करा आणि पेशंट शहरात न्या. दोघांनीही कधी त्याच्या पायरीवर पाय ठेवला नसेल. विल्मा ऐकते आणि तिच्या जिवाची तगमग होते. सगळी नोकरी तिथं नर्स म्हणून केली तिनं. अर्नी गेला त्या दिवशी तिची ड्यूटी संपली होती, तरी त्याचा हात धरून बसली होती. मी कॉफी आणायला गेले तेव्हा तो गेला, पण एकटा गेला नाही, हे मला अजून पुरतं.

मतदानाच्या दिवशी गावच्या हॉलबाहेरचा सॉसेजचा स्टॉल यंदाही विल्माकडे आणि माझ्याकडे. नियम तुला ठाऊकच आहे. एप्रन बांधला की तोंडाला कुलूप. कोणाचा बिल्ला नाही, कोणाची बाजू नाही. लाल पक्षाचा असो, निळ्या पक्षाचा असो, पाव, सॉसेज आणि परतलेला कांदा सगळ्यांना सारखा. एवढी वर्षं झाली, मी कोणाला मत देते ते गावात कोणाला माहीत नाही. अर्नीलाही माहीत नव्हतं.

गुडघ्याला शेक दे, शेंबड्या. लोभ आहे, तो पत्र न लिहिल्यास कमी होईल.

तुझी,
नोलाताई


हार्वी बे, क्वीन्सलँड
ता. २५ ऑक्टोबर

ती. नोलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लाज वाटली, मग हसू आलं, मग चहा केला. बोल्समध्ये आमच्या चमूचा धुव्वा उडाला. त्याला माझा गुडघा कारणीभूत आहे असं सगळ्यांचं मत पडलं.

मोठी बातमी म्हणजे लॉक्लन येऊन राहून गेला. त्याच्या आईच्या, शर्लीच्या अंत्यविधीनंतर तीन वर्षांनी पहिल्यांदाच. तुला माहीत आहे, तेव्हा आमचं काय बिनसलं होतं. यावेळी स्वतः होऊन आला, फ्रिजचं दार नीट केलं, माझ्यासाठी मासे तळले. रात्री माझ्याबरोबर क्रिकेट बघत बसला. मी काहीच बोलत नव्हतो, बोललो तर उठून जाईल की काय अशी भीती. तुझी फार चौकशी करत होता. आत्या कशी बोलते, कशी हसते, सगळं.

ताई, एक सांगतो, चेष्टा करू नकोस. तुझे रविवारचे निरोप मी पुसत नाही. शर्ली गेल्यापासूनचे सगळे ठेवलेत. संध्याकाळी घर फार गप्प होतं. मग एखादा लावतो आणि बटाटे सोलतो. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुझा घसा बसला होता, तेव्हाचे तर मला पाठ आहेत. बेडकाला सर्दी झाल्यासारखी बोलत होतीस.

या महिन्यात टीव्ही फार बघू नकोस. निवडणुकीचा नुसता चिखल आहे. त्यापेक्षा बागेत लक्ष घाल. विल्माताईंना माझा नमस्कार सांग.

लोभ आहेच, आहे तसाच राहू दे.

तुझा,
क्लॅरी


वेरिंगा
ता. ६ नोव्हेंबर

चि. क्लॅरी यास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी. दरवर्षीप्रमाणे विल्मा माझ्याकडे जेवायला यायची होती. आली नाही. फोन केला तर उचलेना. मला वाटलं बरं नसेल. बुधवारी दुकानात गेले तर गल्ल्यावरची पोरगी म्हणाली की तुम्हाला टीव्हीवर ऐकलं, फार धीट बोललात. मी म्हटलं, बाई गं, मी टीव्हीशी बोलते, टीव्हीवर नाही. ती हसली. मागे उभे असलेले दोघं मात्र हसले नाहीत.

संध्याकाळी मी स्वतः ऐकलं. बातम्यांच्या आधी, निवडणुकीच्या जाहिरातीत. एका म्हाताऱ्या बाईचे कणीक मळणारे हात दिसतात, तोंड दिसत नाही. आणि आवाज माझा. क्लॅरी, माझा. माझं ते वाक्याच्या शेवटी उसासा टाकणं, माझं ते ‘बाई गं’. आणि म्हणते काय, तर माझा नवरा वेरिंगाच्या दवाखान्यात एकटा पडून गेला, त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही, असला दवाखाना हवा कशाला. मी खुर्चीवरून उठून टीव्हीला म्हटलं, खोटं बोलतेस. म्हटलं कोणाला, तर मलाच.

तशीच विल्माच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. मी बायबलवर हात ठेवीन म्हटलं. ती शांतपणे म्हणाली की चाळीस वर्षं ऐकलेला आवाज मला ओळखू येणार नाही का. मग म्हणाली, तुला असं वाटत होतं तर मला तोंडावर सांगायचंस, नोला, मी ऐकून घेतलं असतं. आणि दार लावलं.

टीव्हीवाल्यांना फोन केला. तिथंही यंत्रच. शेवटी एक माणूस मिळाला, तो म्हणाला की जाहिरातीखाली बारीक अक्षरात लिहिलंय, आवाज प्रातिनिधिक आहे. माझ्या नवऱ्याचं मरण बारीक अक्षरात.

तू लॉक्लनला विचार. तो त्याच धंद्यात आहे, त्याला ठाऊक असेल असलं कोण करतं ते. आपल्या घरात निदान एक जाणता मुलगा आहे, हे बरं. उत्तर लवकर पाठव. मला दुसरं कोणी नाही विचारायला.

तुझी,
नोलाताई


हार्वी बे
ता. १४ नोव्हेंबर

ती. नोलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. पण ताई, मनाला लावून घेऊ नकोस. लॉक्लन कामात आहे, भेटला की विचारीन. हल्ली कंप्यूटर कोणाचाही आवाज काढतो म्हणे. आणि लोक विसरतात गं. निवडणूक झाली की जाहिरात बंद, विषय संपला.

खरं सांगायचं तर तो आवाज तुझा आहे असं कशावरून? त्या बाईचा घसा बसलेला आहे, तुझा तर आता ठणठणीत आहे. विल्माताईंना हेच सांग. त्या नर्स होत्या, घसा त्यांना कळेल.

इकडे उकाडा सुरू झाला. गुडघा बरा आहे. चिंता करू नकोस.

लोभ असू दे, खूप असू दे.

तुझा,
क्लॅरी


वेरिंगा
ता. २९ नोव्हेंबर

क्लॅरी,

त्या बाईचा घसा बसलेला आहे, हे मी तुला लिहिलं नव्हतं. ती जाहिरात आमच्या भागातच दिसते, क्वीन्सलँडला नाही. तुझं पत्र मी पुन्हा उघडलं आणि ती ओळ बोट ठेवून वाचली.

मग मला आठवलं, बसलेल्या घशानं मी कोणाशी बोलले होते. त्या हिवाळ्यात चर्चला जात नव्हते, विल्माला लागण नको म्हणून तिलाही येऊ देत नव्हते. फक्त तुझ्या यंत्राशी बोलत होते. अर्नीबद्दल जे कोणाला सांगितलं नाही ते त्या यंत्राला सांगितलं, कारण मला वाटत होतं त्याच्या पलीकडे माझा भाऊ आहे. अर्नीचा हात विल्मानं धरला होता, हेही त्यातच सांगितलं होतं. ते निरोप तू ठेवलेस, जाहिरातवाला पोरगा तुझ्याकडे येऊन राहिला, आणि ते ऐकूनच त्यानं उलटं करून घेतलं. आणि तू ती जाहिरात ऐकलीस, आणि मला बागेत लक्ष घाल म्हणून लिहिलंस. आणि मी तुलाच विचारत होते, दुसरं कोणी नाही म्हणून. केसानं गळा कापलास रे. परक्यानं कापला असता तर निदान हात वर केला असता.

हॉलच्या कमिटीच्या बाया आल्या होत्या. फार गोड बोलल्या. ज्यांनी टीव्हीवर एक बाजू घेतली त्यांनी मतदानाच्या दिवशी एप्रन बांधू नये, एवढंच म्हणाल्या. नियम मीच केलेला, त्यांना बोलायचं काय? एप्रन धुऊन, इस्त्री करून त्यांच्या हातात दिला.

काल मतदान झालं. मी रांगेत उभी राहिले, माणसं माझ्याकडे बघून बोलणं थांबवत होती. ज्याची ती जाहिरात, त्या उमेदवाराचा एक माणूस पुढे होऊन माझ्याशी हात मिळवायला आला, ताई तुमच्यामुळे फार फरक पडला म्हणाला. सगळ्यांच्या देखत. मत देऊन बाहेर आले आणि स्टॉलवर गेले. जायलाच हवं होतं, नाहीतर पळाले असं झालं असतं. विल्मानं पावात सॉसेज ठेवलं, कांदा घातला, सगळ्यांना घालते तेवढाच. धन्यवाद, मॅडम, म्हणाली. मला मॅडम म्हणाली, क्लॅरी.

तो उमेदवार निवडून आला. दवाखान्याचं काय होईल ते होईल. गाव म्हणेल, नोलानं बंद केला.

आता रविवारचा फोन बंद. तुझ्या घरात माझा आवाज पुरेसा आहे, त्यावर बटाटे सोल. हे पत्र लिहिलं कारण आईची शिस्त आहे. लोभाचं काही लिहीत नाही.

नोला


हार्वी बे
ता. २० डिसेंबर

ती. नोलाताईस,
शि. सा. न.

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं तसंच पाठवतो आहे.

तू फोन करत नाहीस हे लॉक्लनला कळलं. मी जेवत नाही, हेही कोणीतरी त्याला सांगितलं. आठवड्यापूर्वी त्यानं एक डबी पाठवली, फोनला जोडायची. ख्रिसमसची भेट, जोडा आणि विसरून जा, असं लिहिलं होतं. मी जोडली. त्याच्या असल्या वस्तू मी विचार न करता जोडतो, हीच तर सगळी रड आहे.

रविवारी, तुझ्या वेळेला, फोन वाजला. बोल्सला जाणं मी सोडलंय. धावत जाऊन उचलला. तू होतीस. शेंबड्या म्हणालीस. गुडघा कसा आहे विचारलंस. ताई, मी लहान मुलासारखा रडलो. सगळं सांगून टाकलं. निरोप जुने झाले, खराब होतील, कंप्यूटरवर उतरवून ठेवतो असं लॉक्लन म्हणाला तेव्हा मी खरंच विश्वासानं यंत्र त्याच्या हातात दिलं. पण जाताना त्यानं ती जाहिरात लावून दाखवली. पहिल्याच वाक्याला मला तू ओळखू आलीस. अर्नी एकटा गेला नाही, हेही मला ठाऊक होतं. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता, तीन वर्षांनी बघत होता. मी छान झालीय म्हणालो. आणि नंतर तुझ्याशीही खोटं बोललो. हे सगळं मी बोलत होतो, तू ऐकत होतीस.

मग म्हणालीस, जाऊ दे रे, मी केव्हाच माफ केलं.

तिथं माझ्या लक्षात आलं, ही तू नव्हेस, डबीतली बाई. लहानपणी मी तुझी सायकल शेततळ्यात घातली, ती तू अजून माफ केलेली नाहीस. मी त्या बाईला विचारलं की सायकलचं काय. ती म्हणाली, तेही माफ केलं. मी फोन खाली ठेवला. हात धुऊन आलो, पण ते काही जाईना.

लॉक्लनला फोन केला तर तो म्हणाला, बाबा, तुम्हाला तिची आठवण येते म्हणून केलं. खरंच प्रेमानं म्हणाला. आपण काय केलं हे त्याला कळतच नाही, आणि मी त्याला कधी शिकवलंही नाही. डबी मोडून टाकली. यंत्रातले निरोपही पुसले, सगळे. पुसताना एकही ऐकला नाही.

विल्माताईंना वेगळं पत्र टाकलंय. आवाज कोणी दिला, जाहिरात कोणी केली, तुझ्या खऱ्या निरोपात त्यांच्याबद्दल काय होतं, सगळं माझ्या सहीनिशी. हॉलच्या फळ्यावर लावा म्हटलंय. त्यात पोराचंही नाव आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण लिहिलं.

माफी मागत नाही. ती मला एकदा फुकट मिळाली, आणि तिच्याइतकं दुसरं काही माझ्या जिवाला लागलं नाही. फक्त एका रविवारी फोन कर आणि तू माफ केलेलं नाहीस असं मला सांग. तुझ्या स्वतःच्या तोंडानं. एवढं ऐकलं की मला कळेल, पलीकडे माझी बहीण आहे.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

क्लॅरी