फुकटचा चष्मा आणि माझी अब्रू

मार्गिलान, रविवार

चि. बोतिरजान यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे, बायकोची सर्दी आणि पोरं ठीक असतील असं धरून चालते, कारण आज मला दुसऱ्या कुणाच्या तब्येतीसाठी सवड नाही. माझा अपमान झाला आहे. तुझ्या मोहिनूरच्या लग्नाला तीन आठवडे उरले, नवरीचं रेशीम आत्याने विणलंय हे गावभर ठाऊक, आणि नेमकं आताच आत्याचं नाव मातीत गेलं.

बुधवारी आमच्या विणशाळेत डोळ्यांची डॉक्टरीण आली. (वय जेमतेम पंचवीस, ओठ पिळले तर दूध निघेल.) सगळ्या पोरींसमोर मला स्टुलावर बसवून तिने बारीक अक्षरांचा कागद हातात दिला. मी तो जरा लांब धरला. म्हणते, अपा, हात इतका लांब करू नका. मी म्हटलं, हात माझा आहे, हवा तेवढा लांब करीन. तरी तिने चष्मा नाकावर चढवलाच, तोही फुकट, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

तो लावून मागावर बसले. आपल्या रेशमाची नक्षी मुळातच कडांना ढगासारखी विरघळलेली. गेली चार वर्षं ती अंमळ जास्तच विरघळत होती, ते मी रंगाऱ्याच्या माथी मारत आले. (त्याला दोनदा रडवलंय, कुणाला सांगू नकोस.) आता दिसलं की माझ्या मागावर जागोजागी मी जोडलेले तुटके धागे कुणीतरी सोडवून पुन्हा बांधलेत, आणि त्या गाठी माझ्या नाहीत. शेजारच्या मागावरच्या नसीबाला फैलावर घेतलं, तेव्हा मान खाली घालून तिने कबूल केलं. मी भलताच धागा भलत्याला जोडायची आणि चहाला उठले की पोरी पाळीपाळीने ते निस्तरायच्या. चार वर्षं.

"मग बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"मोठ्यांची चूक कशी काढायची, अपा? आईने जीभ हासडली असती."

असला मान चुलीत घाला. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पुलाव केला आणि वाढताना रडले, तेही रागानेच.

तुझी संतापलेली,
सनोबर

ता. क. मोहिनूरचं कापड मी विणशाळेत नव्हे, घरच्या मागावर विणलं, दाराला आतून कडी लावून, कुणाचा हात लागू नये म्हणून. कुणाचाही लागला नाही.

आणखी एक. कापड पोचल्याचं तुझं पत्र आज चष्मा लावून पुन्हा वाचलं. तीन पानं. जर्दाळू, पाऊस, शेजाऱ्याची गाय. कापडाबद्दल ओळसुद्धा नाही. म्हणजे तुम्हाला सगळं दिसलं होतं, आणि ती लेक आत्याचा मान राखायला तेच अंगावर घालून चारचौघांत उभी राहणार होती. मेल्या, कापड उद्याच परत पाठव. शिंप्याकडे गेलं असेल तर शिंप्यासकट पाठव. मी नवं विणते. नसीबा शेजारी बसणार आहे, आणि चूक दिसली की तिथल्या तिथे तोंडावर सांगायची अशी तिला सक्त ताकीद दिली आहे.