लाल्याच्या पोटातले जीव

जळगाव, सोमवार, ९ जून १९६९

दिसली! डॉक्टरसाहेबांनी न दाखवता माझी मलाच दिसली — अंकुशकृमीची अंडी! सूक्ष्मदर्शकाची काच तीनदा पुसली, तीनदा पाहिलं. नमुना लाल्याचा, म्हणजे कापडवाल्या राजकुंवरबाईंच्या कुत्र्याचा. हिरड्या पांढऱ्याफटक. हे जंत रक्त पितात. साहेब म्हणाले, औषध दिलं नाही तर आठवडाभरात जाईल.

घरी सांगितलं तर आई म्हणते, "कुत्रानी घाण देखाना पगार शे का तुले?"

आहे! घरात शाळा पाहिलेली पहिली मी, अन् गुरांच्या दवाखान्यातली पहिली मुलगीही मीच!

१० जून

माती खाल्ली. बाई जैन. त्यांनी विचारलं, औषधानं जंत मरतील का? मी हो म्हणाले. किती? खोटं कसं बोलू? म्हणाले, शंभर तरी. बाईंनी लाल्याला उचललं आणि टांग्यात बसून गेल्या. कॅप्सूल टेबलावरच! साहेब म्हणाले, विचारलं म्हणून आकडा सांगायलाच हवा होता?

१२ जून

लाल्या मेला तर माझ्यामुळे.

१३ जून

दवाखाना सुटल्यावर कॅप्सूल घेऊन बाईंकडे गेले. लाल्या उठेना. म्हटलं, मी देते, पाप मला लागू दे. बाई तोंड फिरवून बसल्या — पण नाही म्हणाल्या नाहीत! लाल्या मात्र परक्या हातचं घेईना. फुलक्यात लपवली, तर फुलका गिळला आणि कॅप्सूल नेमकी माझ्या मांडीवर! चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा बाईंनाच हसू फुटलं. मग मलाही. दोघी डोळे पुसत होतो!

हसता हसता बाईंनी ती कॅप्सूल उचलली.

"कुत्रा माझा. पाप तुला कशाला?"

त्यांच्या हातून गिळली!!

२० जून

बाईंच्या घरी परवापर्यंत पडलेले सगळे जंत मोजले. त्रेसष्ट. बाईंनी विचारलं, सांगितलं. शंभर नव्हते म्हणून मी जरा खूश. बाई म्हणाल्या, आता जिवामागे एक, त्रेसष्ट दिवस एकाशनं — एकदाच जेवण. मला रडूच येत होतं, तेवढ्यात लाल्या माझी नवी चप्पल घेऊन जिन्याखाली पळाला. पळाला! एका पायात चप्पल घालून घरी आले. आई ओरडत होती, मी नाचत होते.

२३ जून

आज बाई दवाखान्यात. डोक्यावर पदर, हातात फुलक्यांची टोपली, मागे गल्लीतली नऊ बेवारस कुत्री. साहेब खुर्चीवर चढले. बाई सरळ माझ्यापाशी आल्या.

"बठ्ठी तपास, सगळीच्या सगळी. उपवास मी एकदमच धरीन."